काठावरचा श्रावण

झाडं तोडल्यानं उघडा पडलेला कन्हान नदीचा काठ अडुसष्ट सालच्या पुरात खचला आणि खापा गावचा श्रावण वाहून गेला. त्याच्या बायकोनं, रुख्माबाईनं, तिथं करंज-जांभळं लावली. पण जरा वाढली की लोक सरपणाला तोडून नेत. शेवटी तिनं पाणवठ्यावर बायांना खोटंच सांगितलं, "आमचे मालक तिथंच बसून राहतेत वं. झाडाले हात लावला तर चिडतेत."

मग कुणी कुऱ्हाड नेली नाही. झाडं वाढली, मुळांनी काठ धरला, खंड्या पक्षी परत आले. हळूहळू गावातली माणसं शपथेवर सांगू लागली, "श्रावण दिसला."

तेव्हापासून रुख्माबाई रोज तिन्हीसांजेला एकटीच त्या झाडांखाली जाऊन बसते.



"साऱ्यांले दिसता," ती म्हणते, "मलेच काहून दिसत नाही तुमी?"