कार्डाच्या दोन्ही बाजू

सुज्ञ वाचकहो, परदेशातील हॉटेलात खोली राखून ठेवताना आपल्या कार्डाची माहिती परक्याच्या हाती कशी देऊ नये, हे एका किल्लीवाल्याच्या कथेतून, मोजून शंभर शब्दांत, मी येथे नम्रपणे सादर करीत आहे.

किल्लीवाल्याचा आयुष्यभराचा नेम होता: मालक आणि मूळ किल्ली समोर असल्याशिवाय दुसरी किल्ली घडवायची नाही. परदेशातल्या लेकीची शस्त्रक्रिया गुरुवारी होती. इस्पितळाजवळच्या हॉटेलच्या नावाने कोणीतरी खोलीसाठी क्रेडिट कार्डाचे फोटो मागितले, आणि त्याने ते पाठवले. सकाळी विमानाची तिकिटे काढावयास गेला, तर कार्डावर छदामही उरला नव्हता. दुसरा आधार नव्हताच. “अहो, किल्लीचा फोटो आणणाऱ्याला चोर म्हणता, आणि कार्डाचा फोटो दोन्ही बाजूंनी पाठवलात?” बायको म्हणाली. “फार आदबीने लिहिलं होतं गं,” तो पुटपुटला. तेवढ्यात लेकीचा फोन आला. “बाबा, निघालात ना?” फोन बायकोच्या हाती देऊन त्याने कानसीने कार्डावरचे आकडे घासायला घेतले. बैल गेला अन् झोपा केला, हे त्यालाही कळत होते. कार्ड कोऱ्या किल्लीसारखे सपाट होईपर्यंत लेक विचारीतच राहिली.

किल्लीवाल्याला विचारूनच हे लिहिले आहे. “लिही, पण माझं नाव घालू नकोस,” एवढेच तो म्हणाला. आपण वेळ काढून कथा वाचलीत, याबद्दल मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
शेजारच्या दुकानातील घड्याळवाला नाना