लिंबाजीची फौज

हे कुणाला पटायचं नाही, असं आधीच बजावून मुंजाजीने चहाची बशी ओठाला लावली. बोरीच्या स्टँडजवळचं हॉटेल भरलं होतं. परभणीची एसटी यायची होती, आणि मुंजाजीच्या थापा एसटीपेक्षा वेळेवर सुटत.

गोष्ट लिंबाजी बहुरूप्याची. गावाचं नाव मुंजाजीने गाळलं. माणसं अजून जिवंत आहेत म्हणाला. लिंबाजीने तोंडाला रंग फासला की त्याची सावलीसुद्धा पालटायची. वाघ झाला की पाटलाची म्हैस आटायची. डॉक्टर झाला की त्याच्या नुसत्या खाकरण्याने लोकांचे ताप उतरायचे. एकदा तो कुणाची तरी सून होऊन चुलीपुढे बसला, तर सासूने त्याला भाकरी थापायला लावलं आणि खऱ्या सुनेला भिकारीण समजून दारातूनच वाटीभर पीठ घातलं.

हे सगळं एका सकाळीत. वाघ, डॉक्टर, सून. गाव कावलं. एकाच माणसाच्या अंगात इतकी माणसं, मग बाकीच्यांनी करायचं काय? शेवटी किशनराव पाटलाने बैठक बसवून तोड काढली. सोंगं घे, बंदी नाही. पण एक उतरवलं की रंग पुसून उघड्या तोंडाने पारावर बसायचं, बिडी पेटवायची, आणि ती जळून संपेपर्यंत दुसरं घ्यायचं नाही. लिंबाजीने रंगाच्या पेटीवर हात ठेवून कबूल केलं. बहुरूपी रंगात हव्या तेवढ्या थापा मारेल, पण पेटीची शपथ मोडली तर रंग अंगाला धरत नाही.

मग अठ्ठ्याहत्तरचा श्रावण आला. विद्यापीठाच्या नावावरून मुलूख पेटला होता. एका दुपारी शेजारच्या गावांतला जमाव रॉकेलचे डबे घेऊन बौद्धवाड्याकडे निघाला. घरं गवताची, पोलीस तालुक्याला. लिंबाजीने नुकताच वाघ उतरवला होता. बिडी आत्ता कुठे पेटली होती.

इथे मुंजाजी थांबला. हॉटेलात कुणी घोट घेईना.

मग म्हणे किशनराव पाटील धावत आला. त्याने लिंबाजीच्या तोंडातली बिडी हिसकली आणि एका दमात अख्खी ओढली. कानांतून धूर निघाला. ‘संपली बिडी, ऊठ,’ पाटील म्हणाला. लिंबाजी उठला. गल्लीच्या या तोंडाला फौजदार, घरांमागून पळत जाऊन त्या तोंडाला जमादार. मधल्या बोळातून शिपाई, शिपायामागे शिपाई. पाटील बिड्या ओढत होता, लिंबाजी पालटत होता. शेवटी तर घोडाही तोच आणि घोड्यावरचा साहेबही तोच. जमावाला वाड्यापुढे फौज उभी दिसली. डबे टाकून माणसं पळाली. पोहता न येणाऱ्यांनी गोदावरी पार केली.

दूध उतू गेलं तरी हॉटेलवाल्याला भान नव्हतं. मुंजाजीने मिशी पुसली. ही गोष्ट त्याने गंगाखेडच्या बाजारात ऐकली होती. घोडा त्याच्या पदरचा होता, आणि त्या घोड्याचा त्याला फार अभिमान होता.

बाकाच्या टोकाला गप बसलेली एक म्हातारी उठली. तानुबाई तिचं नाव, लेकीकडे निघाली होती.

“खोटं हाय, बाबा,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “मी त्याच वाड्यातली. पाटलानं तर घरात बसून कडी घातली व्हती. लिंबाजी जळती बिडी हातात धरून, उघड्या तोंडानं आमच्यात उभा व्हता. शपथ न्हाई मोडली त्यानं. आन् त्या लोकायला जी फौज दिसली म्हंता, ती आमी बाया व्हतो.”