लाल फितीची पिन

ट्रॅक्टरने विमान मागे ढकलून झालं. तिने पुढच्या चाकातली पिन उपसली आणि हेडसेटवरून कॅप्टनला कळवलं, "पिन काढली. डाव्या बाजूला येऊन दाखवते."

तिचा आवाज ऐकताच कॅप्टन गुरगुरला, "दुसऱ्या कुणाला तरी पाठव."

"दुसरं कुणी नाहीये."

पिन चुकून आत राहिली, तर वैमानिकाला ते चाक वळवता येत नाही. म्हणून कॅप्टनने ती स्वतःच्या डोळ्यांनी बघून हात वर करायचा. तोवर विमान जागचं हलत नाही. लाल फितीची ती पिन तिने मुद्दाम आपल्या चेहऱ्याला लागून धरली. कॅप्टन नाकासमोर बघत बसला. मागे दुसरं विमान खोळंबलं, तरी ती ढिम्म हलली नाही. शेवटी त्याने मान वळवली, दातओठ खात तिच्याकडे बघितलं आणि हात वर केला.

"तो कॅप्टन खाऊ का गिळू असं का बघत होता गं तुझ्याकडे?" परतताना ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.



"बाप आहे माझा. मी त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा म्हणाला होता, मरेपर्यंत तुझं तोंड बघणार नाही. म्हणून तर त्याच्या विमानांची ड्यूटी मागून घेते."