व्हॅनचं दुसरं इंजिन

सायलेन्सरमधली धूर मोजायची नळी काढून तिने पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. पास. अगदी काठावर, पण पास.

"झालं ना मॅडम?" व्हॅनचा मालक पुढे सरसावला. "उद्या शाळा उघडतेय. बारा पोरं सकाळी सातला दारात उभी राहतील."

"अजून खालून बघायचंय."

इंजिन दुसऱ्या गाडीचं बसवलं की नुसता धूर तपासून भागत नव्हतं. धूर स्वच्छ करणारे सगळे भागही त्याच इंजिनाचे लागत. हे मालकाला ठाऊक नसेल; पण खांबाला टेकून उभ्या असलेल्या मेकॅनिकला चांगलं ठाऊक होतं. तीस वर्षांत त्यांच्या हातची एकही गाडी इथून नापास होऊन गेली नव्हती. तपासनीस बाईंना पाना धरायला त्यांनीच शिकवलं होतं. ते तिचे वडील होते.

ती गाडीखालच्या खड्ड्यात उतरली. धूर गाळणारा कन्व्हर्टर जुन्याच इंजिनाचा होता. नव्या पाइपाला बेमालूम जोडलेला. ते वेल्डिंग तिने डोळे मिटूनही ओळखलं असतं.

"आप्पा, हा डबा का नाही बदलला?"

"आकडा पास आहे ना?" वरून आवाज आला. "धूर तपासायचाय की डब्याची कुंडली मांडायचीय?"

"एवढ्या इंजिनाला हा पुरणार नाही. दोन महिन्यांत जळून जाईल."

"दोन महिन्यांचं दोन महिन्यांनी बघू."

मालक हसला. "घरचीच माणसं तुम्ही, मॅडम. एवढं काय ताणून धरायचं?"

तिने पॅड गुडघ्यावर ठेवलं आणि पहिल्या ओळीत कन्व्हर्टर लिहिलं. खाली लिहिलं, नापास.

पायऱ्यांवर बुटांचा आवाज झाला. आप्पा कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत खाली आले. कागद हिसकावून घेतील असं तिला वाटलं. त्यांनी तो तिच्या हातातच ठेवून वाचला. दोनदा वाचला. मग तिच्याकडची टॉर्च घेतली आणि पेट्रोलच्या टाकीच्या वर, कोपऱ्यात, उजेड टाकला.

टाकीतली वाफ इंजिनाकडे नेणारी नळी तिथे मध्येच कापलेली होती. तोंडात बोल्ट ठोकून वर काळी टेप गुंडाळली होती, सहज दिसू नये अशी. तिने बोटाने चाचपताच पेट्रोलचा भपकारा आला. बरोबर वर, पत्र्यापलीकडे, पोरांचं मागचं बाक होतं.

"या इंजिनाला जुळणारा हा भाग कुठे मिळाला नाही," आप्पा हळूच म्हणाले. "आणि हा मालक रोज दुकानात येऊन घाई करत बसायचा."

तिने वर, बाकाखालच्या पत्र्याकडे पाहिलं.

"हे राहिलं तुझं. लिही."

"काय झालं हो?" वरून मालक ओरडला.

तिचं लिहून होईपर्यंत आप्पांनी टॉर्च जराही हलू दिली नाही.