जाहीर आभार

नळाला पाच दिवस पाणी नव्हतं. दोन ओळींत जगाला सुनावायच्या त्या ॲपवर कुमुदकाकूंनी चार तक्रारी टाकल्या, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

सहाव्या दिवशी काकूंनी लिहिलं, "चोवीस तास पाणी दिल्याबद्दल आमच्या नगरसेवकांचे मनःपूर्वक आभार."

कार्यकर्त्यांनी खरंखोटं न पाहता ते तासाभरात शहरभर फिरवलं. विरोधकांनी काकूंना विकाऊ ठरवलं. एकानं तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काकू सगळं चवीनं वाचत बसल्या. शेवटी विरोधक कॅमेरा घेऊन काकूंच्या नळाकडे निघाले. हे कळताच नगरसेवकांनी धावतपळत पाणी सोडायला लावलं.

काकू पिंप भरत होत्या, तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या वैद्यवहिनी आल्या नि हळूच म्हणाल्या, "काकू, आमच्याकडे रस्त्यावरचे दिवे महिनाभर बंद आहेत. त्याबद्दलही जरा आभार माना की."