केतकीताईचा गुडघा

ऐक गं आधी, मध्ये बोलू नकोस! जिल्ह्याच्या बास्केटबॉल टीममध्ये पॉवर फॉरवर्डची, म्हणजे रिंगखाली झुंजणाऱ्या खेळाडूची, एकच जागा उरली होती, आणि सरांनी मला उभं केलं कुणापुढं? केतकीताईपुढं! जिनं मला रिंगखाली धरून धरून हा खेळ शिकवला, तिच्याच पुढं.

सर म्हणाले, "बॉल रिंगला लागून उडेल. जी पकडेल ती टीममध्ये."

आता रिबाउंड, म्हणजे तो उडालेला बॉल, घ्यायचा तर दुसरीच्या अंगाला पाठ लावायची आणि कंबर मागे दाबून तिला जागीच अडवायचं. मी तशी पाठ लावली, तर तिचा गुडघा थरथरत होता गं! ऑपरेशन झालेला तोच. मागून ती पुटपुटली, "ढकल की, काचेची आहे का मी?"

मी नाही ढकललं. ताईनं माझ्या डोक्यावरून बॉल उचलला. जागा गेली, पण सुटले एकदाची असं वाटलं.

ती मात्र हसलीच नाही. थेट सरांकडं गेली. "सर, हिनं मला मुद्दाम सोडलं. हा बॉल मोजू नका, परत टाका." मग माझ्याकडं वळली, "पुन्हा माझी कीव केलीस ना, तर तोंड दाखवू नकोस."

परत तशीच उभी राहिले. ढकललं तर तिचा गुडघा जायचा, नाही ढकललं तर ती जन्मात माझ्याशी बोलायची नाही. आणि सरांनी बॉल टाकला.

खरं सांग, तू काय केलं असतंस?