अर्ध्या मात्रेचा थांबा

दुसऱ्या कुणाचा सुईने टोचून घेतलेला नाचाचा सराव चौथ्या दिवशी अंगात मुरतो, असं दवाखान्यात सांगितलं होतं. रविवारी सकाळी सालसाच्या वर्गात श्रीपादचे पाय खरंच बिनचूक पडू लागले. फक्त दर गिरकीनंतर तो अर्धी मात्रा थांबायचा आणि त्याचा हात बायकोच्या, हेमांगीच्या, कोपराखाली आधाराला जायचा.

"अरे, मी काय पडतेय का?" हेमांगी वैतागली.

"मी कुठे काय करतोय? हातच जातोय आपोआप."

वर्ग घेणाऱ्या रेश्मा मॅडमनी सरावाची नोंद उघडली. "हा सराव ज्यांचा आहे ते तीस वर्षं फक्त आपल्या बायकोबरोबर नाचले. पुढे तिचा गुडघा अधू झाला. थांबणं त्यांच्या अंगातच बसलंय. काढायचं असेल तर आजच सांगा, उद्या ते पक्कं होईल."

"काढाच," श्रीपाद म्हणाला. "दुसऱ्याच्या बायकोसाठी मी कशाला थांबू?"

"राहू दे," हेमांगी म्हणाली.

"अगं, पण पुढच्या महिन्यात नाचाची स्पर्धा आहे, तिथे मात्रा चुकेल!"

"चुकू दे."

त्याला काही कळेना. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. बाजारात, देवळात, लग्नकार्यात तो कायम दहा पावलं पुढे असायचा आणि हेमांगी त्याची पाठ बघत चालायची.

वर्ग सुटला. नेहमीसारखा तो जिना भराभर उतरू लागला आणि तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय थांबला. हात मागे गेला. श्रीपाद गोंधळून त्या हाताकडे बघत राहिला.

हेमांगीचे गुडघे ठणठणीत होते. तरी ती अगदी सावकाश उतरली.